आईवरचा ठपका पुसला, मग तिच्या हाती काम आलं

थोरल्याला ऑटिझम आहे, म्हणजे माणसांशी संवाद साधण्याची त्याची तऱ्हा जन्मापासूनच वेगळी आहे, आणि धाकटं आठ-नऊ महिन्यांचं आहे, अशा घरातली आई बाळाचं हसूसुद्धा मोजत असते. हाक मारल्यावर वळलं का? मी बोट दाखवलं तिकडे बघितलं का? आज या आईबाबांना सांगता येतं, की निदानाची वाट बघत बसायची गरज नाही. पहिल्या वर्षातच काही सुरू करता येतं, आणि ते घरी तुम्हालाच करता येईल. हे एवढं साधं सांगता यायला कितीतरी दशकं जावी लागली. त्यातली पहिली वीसेक वर्षं तर आईला दोष देण्यातच गेली.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ऑटिझमची आजची ओळख तिथून सुरू होते. ही अवस्था जन्मजात असावी, असं त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. पण या मुलांच्या घरात खरोखर मायाळू आईबाप फार थोडे आढळले, हेही लिहिलं होतं. लोकांनी नेमकं हेच दुसरं वाक्य लक्षात ठेवलं. 1949 मध्ये खुद्द कॅनर यांनीच या मुलांना जणू फ्रीजमध्ये ठेवून दिलं होतं, अशी उपमा वापरली आणि पुढे ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्द रूढ झाला. शिकागोत अशा मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर या मुलांची तुलना नाझी छळछावणीतल्या कैद्यांशी केली. मुलाला आईपासून लांब ठेवणं हाच त्या काळी उपाय ठरला होता. ज्या बाया रात्ररात्र जागून या मुलांना सांभाळत होत्या, त्यांनाच डॉक्टरांच्या खोलीत आरोपी म्हणून बसावं लागे.

हा आरोप मोडून काढायला एक बाप उभा राहिला. बर्नार्ड रिमलँड अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या मुलाला ऑटिझम होता. ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही, हे त्यांनी 1964 च्या आपल्या पुस्तकात पुरावे मांडून दाखवलं. कॅनर यांनीच त्याला प्रस्तावना लिहिली. 1969 मध्ये पालकांच्या संघटनेसमोर उभं राहून कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. 1977 मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांचा 21 जुळ्या जोड्यांचा अभ्यास आला आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे स्पष्ट झालं.

खरी कलाटणी मात्र नॉर्थ कॅरोलायनात मिळाली, आणि ती मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची घटना वाटते. मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर शिकागोतच शिकले होते आणि बेटेलहाइम यांची मतं त्यांना अजिबात पटत नव्हती. आईबापांना बळीचा बकरा केलं जातंय, असं त्यांनी उघड लिहिलं. 1966 पासून त्यांनी आणि रॉबर्ट राइख्लर यांनी चॅपल हिलच्या विद्यापीठात वेगळीच रीत बसवली. थेरपिस्ट मुलाबरोबर काम करायचा, तेव्हा आईबाबा एका बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेमागे बसून बघायचे. मग जागांची अदलाबदल व्हायची. घरी काय करतो ते आईबाबा दाखवायचे आणि काचेमागे थेरपिस्ट बसायचा! आपल्या मुलाला सगळ्यात जास्त ओळखणारं माणूस म्हणून आईला पहिल्यांदाच मान मिळाला. 1971 च्या त्यांच्या लेखात पालकांना सहउपचारक म्हटलं आहे. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने हा कार्यक्रम राज्यभर चालवायला घेतला.

लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांची वाट निराळी होती. आठवड्याला 40 तास सराव करून घ्यायचा, आणि सुरुवातीच्या काळात त्यात शिक्षाही होत्या. आज मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक त्या पद्धतीबद्दल रागाने बोलतात आणि तो राग समजून घ्यायला हवा. तरी 1973 मध्ये त्यांच्याच चमूने नोंदवलेली एक गोष्ट पुढे उपयोगी पडली. ज्या मुलांच्या आईबापांना शिकवलं होतं, त्यांची प्रगती टिकली. संस्थांमध्ये परत गेलेली मुलं मागे पडली.

तोवर हे सगळं दोन-तीन वर्षांच्या पुढच्या मुलांपुरतं होतं. बाळांकडे लक्ष वळलं ते घरगुती व्हिडिओ कॅसेटमुळे. 1994 मध्ये ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी पहिल्या वाढदिवसाच्या कॅसेट जमवल्या. 11 मुलं पुढे ऑटिझमचं निदान झालेली आणि 11 तसं निदान नसलेली. केक, मेणबत्ती, गर्दी सगळीकडे सारखीच. पण काही बाळं माणसांच्या चेहऱ्याकडे कमी बघत होती, वस्तू दाखवायला पुढे करत नव्हती, बोट दाखवत नव्हती, नावाने हाक मारली तरी वळत नव्हती. निदानाच्या कितीतरी आधीच्या खुणा टीव्हीच्या पडद्यावर दिसत होत्या.

मग ऑटिझम असलेल्या मुलांच्या धाकट्या भावंडांचा जन्मापासून पाठपुरावा सुरू झाला. 2011 मध्ये सॅली ओझोनॉफ आणि सहकाऱ्यांनी 664 बाळांचे निष्कर्ष दिले: 18.7 टक्के बाळांना तीन वर्षांपर्यंत ऑटिझमचं निदान झालं, म्हणजे जवळजवळ पाचातल्या एकाला. या बाळांसाठी आधी ‘जोखमीची बाळं’ असा शब्द वापरत. ऑटिस्टिक लोकांनी हरकत घेतली, की आमचं असणं हा धोका नाही. म्हणून आता ‘अधिक शक्यता असलेली बाळं’ म्हणतात. ऑटिस्टिक मुलांसाठी आपण वापरतो त्या ‘स्वमग्न’ या शब्दाचाही कधीतरी असाच विचार व्हावा. मूल स्वतःतच बुडालेलं आहे, असा निकाल त्या शब्दातच आधी लागलेला असतो.

बाळांसाठीची पद्धत मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांच्या चमूने बसवली. तिचा पाया हॉलंडमधल्या लायडनच्या व्हिडिओ-पद्धतीचा. थेरपिस्ट घरी येते आणि आई-बाळाच्या खेळण्याचं, भरवण्याचं चित्रण करते. मग दोघी मिळून ते बघतात. समजा, बाळ सतरंजीची किनार बोटाने चाचपतंय आणि आई समोर खुळखुळा वाजवतेय. बाळ तोंड फिरवतं, आई आणखी जोरात वाजवते. थेरपिस्ट तिथे चित्र थांबवते आणि विचारते, आत्ता त्याचं लक्ष कशात होतं? पुढच्या वेळी आई खुळखुळा खाली ठेवते, स्वतःही किनारीला हात लावते आणि थांबते. बाळ वर बघतं. दीड-दोन सेकंदांची ती नजर व्हिडिओवर पुन्हा लावून दाखवतात. बाळाला काहीही घोकवायचं नाही, त्याचा पुसटसा इशारा मोठ्यांनी ओळखायचा, एवढंच.

ब्रिटनमधली पहिली चाचणी थोरल्याला ऑटिझम असलेल्या 54 कुटुंबांची होती, तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. पाठोपाठ ऑस्ट्रेलियात पर्थच्या अँड्र्यू व्हाइटहाउस यांच्या नेतृत्वाखाली, पर्थ आणि मेलबर्नमध्ये 9 ते 14 महिन्यांच्या 103 बाळांची चाचणी झाली. यात भावंडाची अट नव्हती, बाळाच्या वागण्यातल्या सुरुवातीच्या खुणा पाहून निवड केली होती. 2021 मध्ये निकाल आला. तीन वर्षांच्या वयात, थेरपी मिळालेल्या 45 पैकी 3 मुलांचं वागणं निदानाच्या निकषात बसलं, नेहमीच्या सेवा मिळालेल्या 44 पैकी 9 मुलांचं. ‘ऑटिझम टळला’ असं सांगत ही बातमी फिरली. फरक सहा मुलांचा आहे. निदानाच्या रेषेखाली राहिलेल्या मुलांच्या अडचणी संपल्या, असंही त्यातून निघत नाही. आणि अशा बातम्यांमुळे जुना ठपका मागच्या दाराने परत येतो याचीच मला जास्त काळजी वाटते: आईने वेळेवर केलं असतं तर! आपल्याकडे ‘आई नोकरी करते’, ‘मोबाइल दाखवला’ ही बोलणी आधीच कमी नाहीत.

ग्रीन यांच्याच गटाची थोड्या मोठ्या मुलांसाठीची पद्धत आपल्या शेजारी गोव्यात आली. ‘संगात’ संस्थेने गोव्यात, आणि पाकिस्तानातल्या सहकाऱ्यांनी रावळपिंडीत, दोन ते नऊ वर्षांच्या 65 मुलांबरोबर ती वापरून पाहिली. पालकांना शिकवणाऱ्या कार्यकर्त्या डॉक्टर किंवा तज्ज्ञ नव्हत्या, त्यांना या कामासाठी तयार केलं होतं. आईबाप मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. आईबाप आणि मुलाने मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र कमी झाला, आणि तेही त्यांनी निष्कर्षात तसंच छापलं.