धुळवडीचे मटण (मराठवाडा)

फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते, पुरणपोळीचा नैवेद्य होतो आणि दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, मराठवाड्यातल्या बहुतेक मांसाहारी घरांत मटण शिजते. संक्रांतीची कर, पोळ्याची कर या दिवशीही तोच बेत असतो. पण पाहुणेरावळे, लेकी-जावई आणि मोठे पातेले या तिन्ही गोष्टी धुळवडीइतक्या इतर वेळी क्वचितच जमतात. माळकरी माणूस घरात असेल तर चूल अंगणात किंवा शेतात मांडतात आणि भांडीही वेगळी ठेवतात.

बोकड शक्यतो उस्मानाबादी. धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यातली ही शेळी बहुतांश काळ्या रंगाची, उन्हाला व कोरड्या चाऱ्याला टिकणारी आणि मांसासाठी नावाजलेली आहे. खेड्यांत काही घरे मिळून एक बोकड घेतात. तो कापण्याचे काम परंपरेने मुलाण्याकडे असते. मग वाटे घातले जातात. प्रत्येक वाट्यात मांडी, बरगडी, चरबी, कलेजी थोडी थोडी यावी याकडे सगळ्यांची बारीक नजर असते, आणि वादही इथेच होतात. मुंडी, पाय, वजडी (पोट-आतडी) यांचा हिशेब निराळा. बंजारा तांड्यांवर रक्त व आतले अवयव घालून सळोई करतात. रक्त फार लवकर नासते, म्हणून ती आधी शिजवून आधीच संपवणे बरे.

शिजवण्याची रीत घरोघर बदलते, तरी क्रम साधारण एकच. मटण हळद-मीठ लावून आधी शिजवतात; त्यातले अळणी, म्हणजे बिनमसाल्याचे, पाणी लहान मुलांना व म्हाताऱ्यांना काढून ठेवतात. मग भाजलेले खोबरे, कांदा, लसूण आणि दगडफूल घातलेला काळा मसाला यांची फोडणी पडते. रस्सा दाट करायला काही घरांत येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ) लावतात. चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या (तुरीच्या व कपाशीच्या वाळक्या काड्या). पातेले पूर्वी कल्हईचे, आता बहुधा जर्मनचे (ॲल्युमिनियमचे). सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू.

या जेवणाने पोट बिघडले की दोष मसाल्याला किंवा ‘निबर’ बोकडाला दिला जातो. मटण कच्चे राहण्याचा संभव मात्र कमी असतो. तासभर रटरटलेल्या रश्श्यात तो धोका जवळपास उरत नाही. खरा धोका चूल विझल्यावर सुरू होतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू मातीत आणि जनावरांच्या आतड्यात असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातले सुप्त रूप, उकळीतही जगतात. उकळण्याने रश्श्यातला प्राणवायू निघून गेलेला असतो आणि या जिवाणूला तेच हवे असते. पातेले निवत ४३ ते ४७ अंश सेल्सिअसवर आले की त्याची वाढ सर्वांत वेगाने होते. अनुकूल स्थितीत दहा मिनिटांच्या आत संख्या दुप्पट होते. मार्चच्या उन्हात, झाकण ठेवलेले, वर तर्रीचा थर धरलेले मोठे पातेले त्या पट्ट्यात कितीतरी वेळ रेंगाळते. अमेरिकेत सणासुदीला अख्खी टर्की भाजतात, तिथेही नोव्हेंबर-डिसेंबरात या जिवाणूचे उद्रेक अधिक दिसतात. कारण तेच: एकदम भरपूर शिजवायचे, मग तासन्‌तास बाहेर ठेवायचे.

म्हणून रस्सा एकतर ६० अंशांच्या वर, म्हणजे निखाऱ्यावर वाफाळता ठेवावा, नाहीतर लवकर गार करावा. शिजलेले मटण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा ३२ अंशांपुढे असेल तर एकच तास. धुळवडीच्या दुपारी हा एक तासच धरून चालावे. उरलेला रस्सा पसरट भांड्यांत, साधारण ५ सेंटिमीटर खोलीचा ओतून, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवावीत व मग फ्रिजमध्ये टाकावीत. अख्खे पातेले फ्रिजमध्ये कोंबून मधला भाग गार होत नाही. दुसऱ्या दिवशीचा रस्सा मुरलेला लागतो हे खरे, पण तो पुन्हा चांगला उकळूनच खावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला रस्सा उकळूनही भरवशाचा होत नाही: हाताच्या जखमेतून स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू गेला असेल तर त्याचे विष उकळीला दाद देत नाही.

वाटे लवकर घरी आणावेत, माशांपासून झाकावेत. रंग खेळून आलेल्या हातांनी कोणी पातेल्याजवळ जाऊ नये, आधी साबणाने हात धुवावेत. मटण कापलेल्या विळीवर लगेच कांदा-लिंबू चिरू नये; शिजवून न खाल्ल्या जाणाऱ्या त्या दोनच गोष्टी ताटात असतात.

मटणाऐवजी गावरान कोंबडी असेल तर पिसे काढून, हळद लावून ती जाळावर भाजतात. त्या जाळाने फक्त कातडी व उरलेली लव भाजते, आत काही शिजत नाही. कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. मांसाचा जाड भाग ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. नळाच्या धारेखाली कोंबडी धुतल्यास शिंतोडे ओटाभर उडतात.

परफ्रिंजन्सची बाधा खाल्ल्यानंतर ६ ते २४ तासांनी जाणवते: पोटात कळा, जुलाब; ताप व उलट्या सहसा नाहीत. बहुतेक जण एका दिवसात बरे होतात. स्टॅफिलोकोकसच्या विषाने मात्र अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू होतात. दोन्हींत जलसंजीवनी घोट घोट द्यावी. लहान मूल किंवा वृद्ध मलूल झाले, लघवी कमी झाली, जुलाबात रक्त दिसले तर दवाखाना गाठावा.