पुनरावृत्ती आणि लय: संकल्पचित्रातला एक नेहमीचा गोंधळ

चित्रकलेच्या एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करणारी मुले संकल्पचित्राच्या, म्हणजे सजावटीच्या रचनाचित्राच्या, चौकटीत एकच फूल सारख्या अंतरावर, सारख्या मापात आणि सारख्या रंगात काढत जातात आणि चित्रात लय साधली असे समजतात. प्रत्यक्षात तिथे साधलेली असते ती पुनरावृत्ती. दोन्हींचा संबंध जवळचा आहे, कारण लय बहुतेक वेळा पुनरावृत्तीतूनच उभी राहते. पण एखादा घटक पुन्हा पुन्हा आला म्हणजे लय आपोआप येत नाही.

पुनरावृत्ती म्हणजे रेषा, आकार, रंग किंवा पोत यांपैकी काहीतरी पुन्हा योजणे, आणि ती मोजता येते. लय मात्र पाहणाऱ्याच्या नजरेला मिळणाऱ्या गतीत असते: नजर कुठून निघते, कुठे वेग घेते, कुठे रेंगाळते आणि कुठे वळते, हे ती ठरवते. म्हणून पुनरावृत्ती पाहताना आपण आकाराकडे पाहतो, तर लय पाहताना दोन आकारांमधल्या मोकळ्या जागेकडे पाहावे लागते. माझ्या मते शिकवताना नेमके हेच राहून जाते, कारण त्या मोकळ्या जागेकडे कोणी बोट दाखवत नाही.

1960 नंतरच्या दोन कलाकृती शेजारी ठेवल्या की हा फरक स्पष्ट होतो. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने 1962 मध्ये कॅम्पबेल सूपच्या डब्यांची 32 चित्रे केली. प्रत्येक चित्र एकाच मापाचे असून त्यातला डबाही तसाच उभा आहे. बदलते ते मुख्यतः लेबलावरचे सूपच्या प्रकाराचे नाव. नजरेला कुठेच चढउतार सापडत नाही, आणि दुकानातल्या मांडणीसारखा तो एकसुरीपणा हाच या कलाकृतीचा आशय आहे. त्याच्या आदल्या वर्षी, 1961 मध्ये, ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली हिने ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ हे चित्र केले. त्यात काळ्यापांढऱ्या चौरसांखेरीज काहीही नाही. सगळ्या घरांची उंची सारखीच राहते, पण रुंदी मात्र क्रमाक्रमाने कमी होत जाते, उजवीकडच्या बाजूला ती जेमतेम रेघेइतकी उरते आणि तिथून पुन्हा वाढू लागते. सपाट पृष्ठभाग त्या जागी आत दुमडल्यासारखा दिसतो. आकार पुन्हा पुन्हा येतो तो दोन्हीकडे. रायलीने त्याच्या रुंदीला क्रम दिला आणि त्या क्रमातून लय आली.

कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात, पुनरावृत्ती आणि लय या दोन गोष्टी एकाच दालनात भेटतात. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी 15 शिल्पांकित स्तंभ आहेत आणि त्यांच्या माथ्यावर बसलेल्या हत्तींवर आरूढ झालेल्या जोड्या कोरल्या आहेत. नकाशावर पाहिले तर ही साधी पुनरावृत्ती आहे. दारात उभे राहिल्यावर मात्र लांब गेलेले स्तंभ एकमेकांना अधिकाधिक बिलगत जातात, वरच्या लाकडी कमानी त्याच चालीने आत सरकतात, आणि स्तूपामागे पोहोचलेल्या नजरेला शिल्पविरहित असे 7 साधे अष्टकोनी स्तंभ भेटतात. तिथे अलंकरण थांबते आणि नजर स्तूपावर स्थिरावते. ही लय अंतराच्या भासमान बदलातून आणि त्या शेवटच्या विरामातून आली आहे.

वारली चित्रातला तारपा नाच, म्हणजे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच, हे मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नाचणारा प्रत्येक माणूस टोकाला टोक जुळवलेल्या दोन त्रिकोणांचा आणि डोक्याच्या गोलाचा बनतो, म्हणजे घटक जवळपास एकच. पण ही माणसे तारपावादकाभोवती नागमोडी फिरणाऱ्या साखळीत असतात, त्यामुळे वळणागणिक प्रत्येकाचे धड वेगळ्या कोनात कलते आणि पाय साखळीच्या दिशेला झुकतात. हीच माणसे सरळ ओळीत, सारख्या कोनात उभी केली तर नाच संपेल आणि उरेल केवळ किनार.

याचा अर्थ पुनरावृत्ती कमी प्रतीची आहे असा मुळीच नाही. पैठणीच्या अंगावरची बुट्टी एका लयीत उसळू लागली तर पदराकडे लक्षच जाणार नाही. तिथे बुट्टीने शांत, सम अंतरावर राहणेच योग्य आहे.

स्वतःचे संकल्पचित्र तपासायचे असेल तर त्यातले कोणतेही दोन घटक मनातल्या मनात अदलाबदल करून पाहावेत. चित्रात काहीच बिघडले नाही तर ती पुनरावृत्ती आहे. अदलाबदलीने नजर अडखळली, तर त्या घटकाची जागा, माप किंवा कल लयीसाठी आवश्यक होता असे समजावे, आणि मग आकार तसाच ठेवून आधी मधली अंतरे बदलून पाहावीत.