रक्तातला सीईए काय सांगतो, काय सांगत नाही

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीईए असतो, म्हणजे मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्तात वाढणारं एक प्रथिन. आकडा वाढलेला दिसला की घरच्यांची झोप उडते, नॉर्मल आला की सगळे निर्धास्त. मला जास्त काळजी वाटते ती निर्धास्त होणाऱ्यांची.

सीईएचा शोध १९६५चा, कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा. फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठीचा अर्क प्राण्यांना टोचला. त्यांच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडींपैकी निरोगी आतड्यालाही चिकटणाऱ्या वगळल्या. त्यासाठी निरोगी ऊती घेतली तीही त्याच रुग्णाची, म्हणजे माणसामाणसांतला फरक आड येऊ नये. उरलेल्या अँटिबॉडींनी गाठीतलं एक प्रथिन पकडलं, आणि पुढे तेच गर्भाच्या आतड्यातही सापडलं. म्हणून नाव पडलं कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, थोडक्यात सीईए: 'कार्सिनो' म्हणजे कर्करोगाचं, 'एम्ब्रियॉनिक' म्हणजे गर्भातलं.

निरोगी आतड्यातही हे प्रथिन थोडं बनतंच, हे नंतर कळलं. तिथे पेशी ते आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला ठेवतात आणि ते शौचावाटे निघून जातं. कर्करोगात पेशींची ही शिस्त मोडते. प्रथिन चहूबाजूंनी बाहेर पडतं आणि रक्तात पोहोचतं. रक्तातून ते काढून टाकायचं काम यकृताचं, त्यामुळे यकृताच्या आजारातही सीईए वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्येही तो थोडा जास्त असतो. उलट गाठ लहान असेल तर रक्तात फारसं काही उतरतच नाही, आणि काही गाठी सीईए जवळजवळ बनवतच नाहीत.

म्हणून कर्करोगाचं निदान सीईएवर होत नाही. ते होतं कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं) आणि बायोप्सीने (तिथला छोटा तुकडा काढून तपासणं). गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, लसिकाग्रंथींत पोहोचली का, यकृत-फुप्फुसांपर्यंत पसरली का, यावर आजाराचा टप्पा ठरतो. शस्त्रक्रियेआधी सीईए खूप वाढलेला असेल तर आजार पसरल्याची शंका बळावते, एवढंच.

चाळणीसाठी, म्हणजे लक्षणं नसलेल्या लोकांमध्ये आजार हुडकण्यासाठी, वेगळंच प्रथिन उपयोगी पडतं: रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन. शौचाच्या नमुन्यात मानवी ग्लोबिन शोधणाऱ्या चाचणीला 'फिट' म्हणतात. जठर आणि लहान आतड्यातून आलेलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं, त्यामुळे ही चाचणी मुख्यतः मोठ्या आतड्यातल्या रक्तस्रावाकडे बोट दाखवते. ती पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करायलाच हवी. आणि शौचातून रक्त दिसतच असेल, तर मूळव्याध असेल म्हणून महिनोन्महिने मलम लावत बसू नका.

सीईएचं खरं काम सुरू होतं गाठ काढल्यावर. वाढलेला आकडा साधारण चार ते सहा आठवड्यांत खाली यायला हवा. आला नाही, तर आजार कुठेतरी शिल्लक असू शकतो. पुढे पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी होते. आकडा चढू लागला तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात आणि सीटी स्कॅनने शोध घेतात. पण ही तुलना करायची तर शस्त्रक्रियेआधीचा आकडा हाताशी लागतो. एकदा गाठ निघाली की तो परत मिळवता येत नाही, म्हणून ऑपरेशनची तारीख ठरली की ही चाचणी झाली आहे का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.