शिलारसांची सरमिसळ : एक जुना वाद

यवतमाळ-बुलढाण्याकडं विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला बेसॉल्ट लाव्हा. त्यातल्या पांढऱ्या गारगोट्या पाहून दोन शिलारस, म्हणजे जमिनीखालचे वितळलेले दगड, मिसळले असावेत असं वाटेल; पण त्या तशी खूण नव्हेत. लाव्हा थिजल्यावर पोकळ्यांत शिरलेल्या पाण्यातून त्या साकळल्या.

दोन शिलारस मिसळतात, हे आधी मांडलं रॉबर्ट बुन्सेननं. हो, शाळेतल्या बर्नरवाला. हेक्ला ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर १८४६ मध्ये तो आइसलँडला गेला, दगडांचं रासायनिक पृथक्करण केलं आणि १८५१ मध्ये लिहिलं : एक रस कमी सिलिकाचा (सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य घटक), काळा; दुसरा जास्त सिलिकाचा, फिका; मधले सगळे दगड या दोघांच्या मिश्रणाचे. विदर्भात दोन्ही टोकं सापडतात. पश्चिमेला बेसॉल्ट, तर गोंदिया जिल्ह्यात सालेकसा-दरेकसाकडं जास्त सिलिकाचा, फिका रायोलाइट. पण तो दोन अब्ज वर्षांहून जुना; दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता.

बुन्सेननं मात्र एकच सूत्र सगळीकडं ताणलं, आणि ते टिकलं नाही. १९२८ मध्ये भूशास्त्रज्ञ नॉर्मन बोवेननं भट्टीतल्या प्रयोगांच्या आधारे दाखवलं की एकच शिलारस निवत जातो, स्फटिक वेगळे होतात आणि उरलेल्या रसात सिलिका वाढते. हे इतकं पटलं की मिश्रणाची गोष्ट कित्येक दशकं अडगळीत पडली.

तिला बाहेर काढलं स्फटिकांनीच. गाभा झिजलेला आणि भोवती वेगळ्याच रसायनाचं नवं कडं, असे स्फटिक एका रसात शांतपणे वाढलेले असणं अवघड. १९७७ मध्ये स्पार्क्स, सिगुर्डसन आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी आइसलँडच्याच आस्क्या ज्वालामुखीच्या १८७५ मधल्या उद्रेकाचा दाखला देत पुढचं पाऊल टाकलं : मिश्रणानं स्फोटच सुरू होऊ शकतो. हजार अंशांवरचा बेसॉल्ट रस खालून, त्याहून थंड आणि पाकासारख्या घट्ट रसात घुसतो. वरचा रस तापून ढवळला जातो, विरघळलेली वाफ बुडबुडे होऊन सुटते आणि दाब वाढतो.

फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीत हेच दिसलं. १५ जून १९९१ च्या मुख्य स्फोटाआधी, ७ ते १२ जूनदरम्यान वर आलेल्या मिश्र लाव्हात बेसॉल्टचे काळे गोळे अडकलेले होते. बोवेन यामुळं खोटा ठरला नाही. स्फटिक वेगळे होणं आणि रस मिसळणं, दोन्ही शिलारसाच्या एकाच भूमिगत कोठीत चालतं. आता भांडण आहे ते कशाचा वाटा किती, या प्रमाणाचं.