आर्थिक मंदी आणि धर्मादाय सेवांची मागणी

मंदीत रोजगार घटला की शिधा, निवारा, मोफत औषधोपचार, कर्जाबाबत सल्ला अशा धर्मादाय सेवांकडे येणाऱ्यांची संख्या वाढते. दुकानदाराला गिऱ्हाईक वाढले तर हवेच असते. सेवाभावी संस्थेचा मात्र प्रत्येक नव्या माणसामागे खर्च वाढतो, कारण सेवा घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा.

ही मागणी उशिरा येते. नोकरी गेलेले कुटुंब आधी शिल्लक मोडते, किडूकमिडूक विकते, नातेवाइकांकडे उसनवारी करते, भाडे थकवते आणि सगळे मार्ग खुंटल्यावर संस्थेच्या दारात येते. अमेरिकेतील मंदी अधिकृत गणनेनुसार जून २००९ मध्ये संपली. बेरोजगारी १० टक्क्यांवर पोहोचली ती त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये. सरकारी अन्नसाहाय्य घेणारे २००७ मध्ये सुमारे २ कोटी ६० लाख होते. २०१३ मध्ये ते ४ कोटी ७० लाखांवर गेले. आकडा सरकारी योजनेचा असला, तरी गरज किती काळ रेंगाळते हे त्यातून दिसते.

अशा वेळी नवखे चेहरे वाढतात. पहिल्यांदाच आलेला माणूस रांगेपासून जरा लांब थांबतो, अर्जातल्या ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी अडखळतो आणि सुटलेल्या नोकरीचाच हुद्दा लिहून मोकळा होतो. कधी त्याचे नाव संस्थेच्या जुन्या देणगीदारांच्या यादीतही सापडते.

उत्पन्नाची बाजूही याच सुमारास लंगडी पडते. किरकोळ देणग्या लगेच आटतात. कायम निधीतून, म्हणजे शेअर वगैरेंत कायमच्या गुंतवलेल्या रकमेतून, किती खर्च करायचा हे बऱ्याच संस्था तिच्या मागील तीनेक वर्षांच्या सरासरी मूल्यावर ठरवतात. त्यामुळे शेअर बाजार कोसळल्याचा फटका पुढच्या वर्षांत, नेमका गर्दीच्या काळात बसतो. दुकाने माल जपून मागवू लागली की फूड बँकांना, म्हणजे अन्न गोळा करून गरजूंना देणाऱ्या केंद्रांना, मिळणारे उरलेले अन्नही घटते.

१९३०च्या महामंदीने ही मर्यादा उघडी पाडली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांचा भर खासगी दानावर आणि स्थानिक मदतीवर होता. १९३३ पर्यंत अमेरिकेतील जवळपास चौथा हिस्सा कामगार बेकार झाले आणि त्यांना पोसणे या संस्थांच्या आवाक्याबाहेर गेले. त्या वर्षी केंद्रीय मदत योजना सुरू झाली. तिचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांनी हा पैसा फक्त सरकारी यंत्रणेमार्फत वाटण्याचा नियम केला. गरज सर्वाधिक असताना ऐच्छिक दान अपुरे पडते, या दुबळेपणाची सैद्धांतिक मांडणी सेवाभावी संस्थांचे अभ्यासक लेस्टर सॅलमन यांनी १९८७ मध्ये केली.

मागणी मोजणे मात्र अवघड आहे. ब्रिटनमध्ये ट्रसल ट्रस्टच्या फूड बँकांतून २००९-१० मध्ये सुमारे ४१ हजार जणांच्या वाट्याचा तीन दिवसांचा शिधा गेला, २०१३-१४ मध्ये ९ लाख १३ हजारांच्या वाट्याचा. या वाढीचे सगळे खापर मंदीवर फोडता येत नाही: दरम्यान केंद्रेही भराभर वाढली होती आणि सरकारी भत्त्यांचे नियम कडक झाले होते. उलट, साठा संपल्यामुळे रिकाम्या हाताने परतलेले लोक वाटपाच्या आकड्यात येतच नाहीत.