जलगुणवत्ता विस्तारकार्य

जलगुणवत्ता विस्तारकार्य : पाण्याविषयी विद्यापीठात होणारे संशोधन, त्यावर बेतलेले शिक्षण आणि ते पाणी पिणाऱ्या, वापरणाऱ्या व बहुधा नकळत बिघडवणाऱ्या लोकांमध्ये जाऊन केलेले काम. ‘विस्तार’ हा शब्द शेतीच्या क्षेत्रातून आला आहे. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या देणगीवर उभी राहिलेली विद्यापीठे, १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना जोडलेली प्रयोग केंद्रे आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारसेवा, असा हा क्रम लागला. पुढे १९६४ मध्ये राज्याराज्यांत विद्यापीठांशी संलग्न जलसंशोधन संस्था स्थापण्याचा कायदा झाला. भारतातील कृषी विद्यापीठांची ‘शिक्षण, संशोधन, विस्तार’ ही त्रिसूत्री याच घडणीतली. त्यांतले पहिले विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला सुरू झाले.

कारखान्याच्या नळातून नदीत पडणारे सांडपाणी दिसते, मोजता येते, त्याच्या मालकाला नोटीस देता येते. शेतातून झिरपणारे नत्र, वाहून जाणारी माती, शौचखड्ड्यांतून मुरणारे पाणी यांना असा एक मालक नसतो. हजारो जणांचा थोडा थोडा वाटा एकत्र येऊन नदी बिघडते आणि प्रत्येकाला आपला वाटा नगण्य वाटतो. अशा विखुरलेल्या प्रदूषणावर कायद्याचा हात तोकडा पडतो. विस्तारकार्याची खरी गरज तिथे लागते.

नायट्रेटचे, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या नत्रसंयुगाचे, उदाहरण बोलके आहे. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे तान्ही बाळे निळी पडतात, हे आयोवातील डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसते आणि पाणी उकळले तर ते कमी होण्याऐवजी अधिक दाट होते. ‘उकळून प्या’ हा एरवी शहाणपणाचा सल्ला इथे उलटतो, आणि ही एक गोष्ट घरोघर सांगणे हेसुद्धा विस्तारकार्यच. उगमापाशीचा उपाय मात्र शेतात शोधावा लागतो. आयोवा स्टेट विद्यापीठात मक्यासाठी माती परीक्षणाची एक पद्धत बसवण्यात आली : पीक सुमारे १५ ते ३० सेंमी. उंच असताना वरच्या ३० सेंमी. थरातील नायट्रेट मोजायचे आणि कमी पडेल तेवढेच खत द्यायचे. शेतकऱ्याचा खतावरचा खर्च वाचतो; नदीचे भले त्यातच साधते. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या प्रयोगात शेताच्या १० टक्के क्षेत्रावर देशी गवताचे पट्टे राखल्यावर वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी घटली.

शिशाची गोष्ट निराळी. अमेरिकेतील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण गंजरोधक रसायन घातले नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. एका गृहिणीच्या तक्रारीवरून व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील मार्क एडवर्ड्‌स यांच्या गटाने २०१५ मध्ये नागरिकांना नमुने घेण्याचे सुमारे ३०० संच दिले. नमुना कधी घ्यायचा याला इथे फार महत्त्व असते. नळ आधी बराच वेळ सोडून ठेवला तर पाइपात साचलेले शिसे वाहून जाते आणि आकडा सोज्वळ येतो. रहिवाशांनी नीट पद्धतीने भरलेल्या बाटल्यांनी पाणी सुरक्षित असल्याचा अधिकृत दिलासा खोटा ठरवला आणि ऑक्टोबरमध्ये शहराला जुन्या स्रोताकडे परतावे लागले. विद्यापीठाचे पाठबळ नसते, तर त्या बाटल्यांची दखल घेतली गेली असती का, याची शंकाच आहे.

बंगालच्या खोऱ्यातील आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याच्या शोधात जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने गावोगाव जाऊन कूपनलिका तपासल्या. जंतूंपासून सुटका म्हणून खोदलेल्या या नलिकांत निसर्गतःच आर्सेनिक होते. त्याचे प्रमाण काही मीटरवर बदलते, त्यामुळे जिल्ह्याची सरासरी कुटुंबाच्या काही कामाची नसते. कुटुंबाला हवा असतो आपल्याच पंपाचा आकडा. बांगलादेशात तपासलेल्या पंपांना लाल (घातक) व हिरवा (सुरक्षित) रंग देण्यात आला. अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल असा हा प्रयोगशाळेचा अहवाल. मात्र हिरवा पंप शेजाऱ्याच्या अंगणात असला, की पाणी कोण कोणाकडे भरणार हा प्रश्न रसायनशास्त्राबाहेरचा होतो.

शिक्षणाचा भाग वर्गापेक्षा काठावर जास्त होतो. त्यासाठी लागणारी साधने साधी असतात. इटालियन खगोलज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरात आणलेली तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. तळी-सरोवरांच्या पारदर्शकतेचे मोजमाप आजही असेच होते. अलाबामातील ऑबर्न विद्यापीठासारख्या ठिकाणी स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन सामू (आम्लता-अल्कतेचा अंक), विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जातात. हौशी लोकांचे आकडे कितपत धरावेत, ही शंका जुनी आहे. एकाच जागचे दुहेरी नमुने, कोऱ्या (शुद्ध पाणी भरलेल्या) बाटल्यांची चाचणी आणि ठरावीक काळाने पुन्हा प्रशिक्षण, हे त्यावरचे उपाय.

या कामाची सर्वांत अवघड बाजू कालमानाची आहे. आज खत कमी केले तरी भूजलात आधीच उतरलेले नायट्रेट ओढ्यात येत राहते, कधी कधी अनेक दशके. संशोधनाचे अनुदान मात्र बहुधा दोन-तीन वर्षांचे असते. प्रकल्प संपतो तेव्हा विहिरीचा आकडा हललेलाही नसतो. म्हणून यश मोजताना पाण्याच्या आकड्यांच्या जोडीला किती शेतांत खताची मात्रा बदलली, किती विहिरी तपासल्या गेल्या, हेही नोंदवतात.