ब्लेझर की सूटचा कोट?

चार महिन्यांपूर्वी माझा चुलत भाऊ हिंजवडीत नव्या नोकरीला लागला. रुजू व्हायच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला. "दादा, लग्नातला ब्लेझर जीन्सवर घातला तर चालेल ना?" म्हटलं, फोटो पाठव. फोटोत राखाडी रंगाचा, बारीक उभ्या रेघांचा, लकाकणारा कोट होता. स्वागत समारंभात त्याच कापडाची पँट आणि त्याच कापडाचं जाकीट घालून तो उभा होता, ते मला चांगलं आठवत होतं. तो ब्लेझर नव्हताच. सूटचा कोट होता.

यात त्याची चूक नाही. आपल्याकडे तो शब्दच तसा पसरलाय. नवरदेवासाठी 'थ्री पीस ब्लेझर' शिवायला टाकतात. दुकानाच्या पाटीवर ब्लेझर लिहिलेलं असतं आणि आत सूट टांगलेले असतात. आमच्या आजोबांच्या पिढीत सरळ 'कोट-पँट' म्हणायचे. त्या शब्दात निदान एवढं तरी कळायचं, की ही जोडी आहे.

सूटचा सगळा अर्थ त्या जोडीतच आहे. सूटिंगच्या दुकानात ५८ इंच पन्ह्याचा साधारण तीन-सव्वातीन मीटरचा तुकडा फाडून देतात आणि त्यातून मास्टर कोट आणि पँट दोन्ही काढतो. एकच तागा, एकच रंग. बटणंही कापडाच्याच रंगाची लावतात आणि खिसे आत शिवून वर फक्त झाकण ठेवतात. खांद्यापासून बुटापर्यंत नजर कुठेही अडकू नये, माणूस एका रेषेत दिसावा, यासाठी हा खटाटोप असतो. त्यातला फक्त कोट काढून जीन्सवर चढवला की ती रेषा कमरेपाशी तुटते. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण पँट घरी राहिली असावी असं वाटत राहतं.

ब्लेझर मात्र पहिल्यापासून एकटाच आलेला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५ साली सुरू झाला. तिथली वल्हवणारी मुलं लालभडक कोट घालायची. इंग्रजीत 'ब्लेझ' म्हणजे धगधगणं, त्यावरून कोटाला हे नाव पडलं असं मानतात. त्याच नावाच्या एका ब्रिटिश जहाजाची गोष्टही सांगितली जाते, पण मला बोट क्लबची बाजू जास्त भक्कम वाटते. नदीकाठी शर्टावर चढवायचा तो कोट, त्याला जुळणारी पँट असायची काही गरजच नव्हती. आपल्याकडच्या शाळांमधले खिशावर बिल्ला असलेले ब्लेझर याच घराण्यातले.

हातात घेतल्यावर फरक ओळखायचा तर आधी कापड बघा. कोट खिडकीपाशी न्या आणि दिवसाच्या उजेडात तिरका धरा. सूटचं कापड गुळगुळीत असतं, उजेड त्यावरून घसरतो. लोकरीच्या सूटिंगच्या काठावर 'सुपर १००', 'सुपर १२०' असे आकडे विणलेले दिसतात, ते लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचे. सुपर १०० मध्ये लोकरीचा तंतू सरासरी १८.७५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड नसावा लागतो, सुपर १२० मध्ये १७.७५. आकडा वाढतो तशी तकाकी वाढते आणि कापड नाजूक होतं. ब्लेझरच्या कापडाला याउलट पोत असतो. हॉपसॅक नावाची एक वीण असते, जवळून पाहिली तर बारीक टोपलीच्या विणीसारखी दिसते. बोट फिरवलं की खडबड जाणवते. वीण मोकळी असल्यामुळे वारा आरपार जातो, म्हणून आपल्या दमट हवेत मी तिलाच पहिली पसंती देईन. फ्लॅनेल हे मऊ, उबदार लोकरी कापड दिसतं सुंदर, पण मुंबईत वर्षातून किती दिवस घालणार? सुती आणि लिननचे ब्लेझरही चांगले, फक्त कोपरात चुण्या पडणार हे गृहीत धरा.

बाकीच्या खुणा पटकन दिसतात. ब्लेझरचा खिसा बहुतेक वेळा वरून शिवलेला, पॅच पॉकेट असतो. खांदा मऊ, पॅड कमी. उंची सूटच्या कोटापेक्षा किंचित आखूड. बटणं कापडापासून वेगळी उठून दिसणारी. पितळी बटणांची परंपरा जुनी आहे, पण आपल्याकडे ती बघून शाळा नाहीतर हॉटेलचा दरवाजा आठवतो, तेव्हा ऑफिससाठी गडद तपकिरी बटणं घ्या.

"पण घरात सूट आहेच, त्याचाच कोट वापरला तर काय बिघडतं?" हा प्रश्न मलाही पडायचा. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका गडद राखाडी सूटचा कोट दीड-दोन वर्षं सुटाच वापरला. मीटिंग असली की तोच. पँट कपाटात तशीच. मग आतेबहिणीच्या लग्नात दोन्ही एकत्र घातले आणि मांडवातल्या उजेडात दिसलं, की कोट पँटपेक्षा एक छटा फिका पडलाय आणि कोपरांवर घासून चकाकी आलीय. धुलाई कोटाची झालेली, पँटची नाही. ती जोडी त्या दिवशी संपली. आईने हौसेने शिवून दिलेला सूट होता तो, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून ड्रायक्लीनला देताना सूटचे दोन्ही भाग एकत्रच देतो, एकच घातला असला तरी.

याला एक अपवाद आहे. नेव्ही ब्लू सूट, कापडाला थोडा पोत, रेघा नाहीत, खांदा फार ताठ नाही, असा सूट असेल तर त्याचा कोट बेज चिनोजवर, म्हणजे साध्या सुती पँटवर, खपून जातो. राखाडी पिनस्ट्राइप, म्हणजे बारीक उभ्या रेघांचा, कधीच नाही, आणि चमकणारं काळं तर नाहीच नाही.

ब्लेझर घेतला तरी खाली काय घालायचं हे उरतंच, आणि माझ्या मते लोक सर्वात जास्त इथे फसतात. नेव्ही ब्लेझरवर काळी किंवा दुसऱ्याच नेव्हीची पँट घालतात. जवळजवळ जुळणारे दोन रंग सूट जमवायचा फसलेला प्रयत्न वाटतात. फरक ठळक हवा. नेव्हीखाली मध्यम राखाडी, खाकी, बेज. शुक्रवारी गडद, न फाटलेली, रंग न उडवलेली जीन्स. मी स्वतः एका नेव्ही ब्लेझरवर आणि तीन पँटींवर सहा वर्षं काढली, आणि ऑफिसात लोक 'हा असा राहतो' म्हणून ओळखायला लागले ते याच काळात. कपडे कमी होते, पण प्रत्येक पँट त्या ब्लेझरवर चालत होती.

तयार घेताना खांदा आधी बघा. बाही आखूड करता येते, कंबर घेता येते, खांदा दुरुस्त करणं मास्टरलाही नको असतं. बटणाखालचं कापड चिमटीत धरा. वरचं कापड, अस्तर आणि मधला थर असे तिन्ही सुटे लागले तर आत कॅनव्हास आहे, म्हणजे मधला थर टाके घालून बसवलाय. मधला थर वरच्या कापडाला घट्ट चिकटलेला असेल तर ते फ्युजिंग, म्हणजे तो थर डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलाय, आणि हलक्या दर्जाच्या फ्युजिंगला काही धुलायांनंतर छातीवर फुगे येतात. शिवून घेणार असाल तर अर्धंच अस्तर मागा. पाठीला घाम कमी येतो.

भावाला मी पहिल्या दिवशी फिका निळा शर्ट आणि राखाडी पँट एवढंच घालायला सांगितलं. सूट त्याने कव्हरमध्ये परत ठेवला. दुसरा पगार झाल्यावर आम्ही दोघं लक्ष्मी रोडला गेलो. नेव्ही हॉपसॅक, दोन मीटर. मास्टरने छाती, खांदा, बाही मापली, वहीत टिपली आणि टेप कमरेकडे नेत विचारलं, "पँटचं माप घेतो ना?"

"नको मास्टर," भाऊ म्हणाला, "फक्त ब्लेझर."